अठ्ठ्याऐंशीवा मणी

१

गोलनारने फोल्डर उघडला, तर आत काहीच नव्हतं.

आधी तिला वाटलं, आपणच चुकीच्या ठिकाणी आलोय. चार महिने शिराजमध्ये काढून, वडिलांचं सगळं उरकून, व्हिसाच्या रांगेत पाय मोडून परत आलेली बाई. तिचा गोंधळ झाला तर नवल नव्हतं. पण फोल्डरला नाव तिनेच दिलेलं होतं. स्फटिकावर क्ष-किरण टाकून घेतलेली अठराशे चित्रं, त्यांवरून तिने अणू-अणू बसवून उभा केलेला सांगाडा, टिपणं, सगळं साफ. ती धावत तळघरात गेली. तिथल्या कपाटात सगळ्याची दुसरी प्रत एका डिस्कवर ठेवलेली असायची. कपाटातल्या धुळीत डिस्कच्या आकाराचा चौकोन तेवढा होता.

मंगळवारी सकाळी लोर्ना बोइचुकला फोन गेला.

लोर्ना सदुसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं तिने प्रथिनांचे स्फटिक वाचले, आता गुडघे वाचवते. विनिपेगमधल्या कुठल्याही प्रयोगशाळेत आकड्यांवरून भांडण लागलं की तिला बोलावतात. लग्नाबारशाला तिला कोणी बोलावत नाही, याचं तिला फारसं वाईटही वाटत नाही. खिशात सूर्यफुलाच्या बिया, हातात पेन्सिल, आणि समोर माणूस कितीही मोठा असला तरी तोंडावर बोलायची खोड. बाहेर उणे एकतीस होतं. रात्रभर इंजिन गरम ठेवणाऱ्या गाडीच्या हीटरची वायर तिने भिंतीतून उपटली आणि शिव्या देत केल्व्हर्ट इन्स्टिट्यूट गाठली.

"लोर्ना! अगदी देवासारखी धावून आलीस बघ," प्रोफेसर अलिस्टर टॉलिव्हर दारातच म्हणाला.

"देवबीव नको, अलिस्टर. मागच्या वेळी तू माझ्यासाठी फोन फिरवलास तो मी निवृत्त व्हावं म्हणून. काम बोल."

टॉलिव्हर खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. काम असं होतं. या प्रयोगशाळेचं सगळं आयुष्य एका प्रथिनाभोवती फिरत होतं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण इथे सगळे त्याला 'मार्था' म्हणत. मार्था म्हणजे अमिनो आम्लांच्या तीनशे बारा मण्यांची एक माळ, स्वतःभोवती नीट घडी घालून बसलेली. घडी टिकते ती मण्यांनी एकमेकांना धरून ठेवल्यामुळे. त्यातला अठ्ठ्याऐंशीवा मणी समोरच्या एका मण्याचा हात धरतो. काही मुलांत जन्मतःच तो समोरचा मणी बदललेला असतो, अठ्ठ्याऐंशीव्याचा हात हवेत राहतो, मार्थाची घडी उसवते, आणि मूल हळूहळू स्नायूंनिशी वितळत जातं. पंधरा-सोळा वर्षं, बस्स.

टॉलिव्हरच्या लोकांनी एक औषध बनवलं होतं. रिकाम्या जागेत पाचरीसारखं बसायचं आणि अठ्ठ्याऐंशीव्याचा हात धरायचा. पाचर बसवलेल्या मार्थाचा सांगाडा गोलनारने काढला, त्यात पाचर आणि अठ्ठ्याऐंशीवा मणी एकमेकांना घट्ट धरून असलेले दिसले, आणि त्या एका संपर्कावर बारा मेला सहा मुलांना पहिला डोस द्यायचं ठरलं.

"आणि आता परवाना समितीला मूळ चित्रं हवीत," टॉलिव्हर म्हणाला. "शुक्रवारपर्यंत. चित्रं तर गेली. मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, समितीकडे आलेल्या सांगाड्याची फाइल निर्दोष आहे असं लोर्ना बोइचुक लिहून देत असेल, तर चित्रांवाचून चालवू. तुझी एक सही, लोर्ना."

"आणि नाही दिली तर?"

"तर सहा मुलं." तो काचेपलीकडे बघायला लागला. काचेपलीकडे पांढऱ्या कोटातली एक बाई नळ्या मोजत होती. "त्यांतली पहिली तिची. आमची नोएला. मुलगी तेरा वर्षांची. आता चालत नाही."

२

सांगायचं तर लोर्नाला तेव्हाच सही करून घरी जावंसं वाटलं.

पण ती गेली ब्रोडी फ्रीझनकडे. ब्रोडी पीएच.डी.चा विद्यार्थी, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या शेतकरी घरातला, अंगाने आडवा आणि कॉम्प्युटरपुढून न हलणारा. संपर्कांची यादी त्याने काढली होती.

"सोपं असतं," त्याने तिला शाळकरी पोरीला सांगावं तसं सांगितलं. "दोन मण्यांचे अणू चार अँगस्ट्रॉमच्या आत आले की संपर्क. मी प्रोग्रॅम लिहिलाय, सगळ्या जोड्या तपासतो. पाचर आणि अठ्ठ्याऐंशी, अंतर दोन पूर्णांक सहा. इतकी घट्ट पकड मी दुसरीकडे बघितली नाही."

"दोन पूर्णांक सहा. जरा जास्तच जवळ नाही का, बाळा?"

"टॉलिव्हर म्हणाले, मिठी आहे मिठी."

"टॉलिव्हरने शेवटची फाइल उघडली तेव्हा तू दुधाच्या बाटलीवर होतास. फाइल तुला दिली कुणी?"

"कुणी म्हणजे... गोलनार तर तिकडे अडकलेली. सगळ्यांच्या सामाईक ड्राइव्हवर होती, मी उचलली. का? तुम्हाला मी पुसलं वाटतंय का सगळं?" त्याचा चेहरा लाल झाला. "माझी तीन वर्षं त्या चित्रांवर उभी आहेत. मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेऊ?"

त्यात तथ्य होतं. टॉलिव्हरलाही चित्रं हवीच होती, आणि गोलनारने तर स्वतः बोंब मारली होती. लोर्ना जिना उतरून खाली आली तेव्हा तिच्या यादीत एकही नाव धड उरलेलं नव्हतं.

खाली नोएला लाव्हालेने तिच्यासाठी चहा करून ठेवला होता, सोबत डब्यातला बॅनक, म्हणजे घरची जाड भाजलेली रोटी. नोएला नदीपलीकडच्या सेंट बोनिफेसची, फ्रेंच आणि आदिवासी अशा मिश्र वंशाच्या मेती घरातली, चव्वेचाळीसची, हसली की दोन्ही गालांना खळ्या पडायच्या. बावीस वर्षं या संस्थेत. औषधाचं नाव निघण्याआधी ती दुसऱ्या मजल्यावर होती. मुलीचा आजार कळला तेव्हा तिने हातापाया पडून इथे बदली घेतली होती.

"खा हो. लोणी कमी आहे, पण पोट भरेल," ती म्हणाली. "आजचा दिवस माझ्या मागे फिरा, म्हणजे कळेल इथे खरं काम कोण करतं ते."

लोर्ना फिरली. थंड खोलीत नोएला भराभर बोलत होती. जिवाणूंच्या रश्श्यात मार्था कशी शिजते, त्यात हजार दुसरी प्रथिनं असतात, मग तिच्या तोंडाशी बावीस मण्यांची एक मूठ कशी जोडून ठेवायची, आणि मूठ धरून ओढलं की एकटी मार्था कशी बाहेर येते. "पातेलं उचलायला कान लागतात ना, तसं. मग ती मूठ कापायचीसुद्धा नाही, स्फटिकात चालते. हे वरचे लोक तिला मोजतही नाहीत. त्यांच्या लेखी ती नाहीच."

"आणि समितीला फाइल कुणी पाठवली?"

"मीच. फॉर्म भरायचे, पाठवायचं, पोचपावती घ्यायची, सगळं नोएलाच्याच गळ्यात." ती हसली. मग हसू थांबलं. "लोर्ना, तुम्ही सही द्याल ना? बारा मे म्हटल्यापासून माझी पोर रोज विचारते, आज कितवा दिवस."

लोर्नाने बॅनकचा आणखी एक तुकडा मोडला.

३

बुधवारी तिने फाइल कागदावर छापून घेतली. अडीच हजार ओळी, एका ओळीत एक अणू. ब्रोडीसारखी पोरं हे पडद्यावर रंगीत फिती करून बघतात. लोर्ना स्वयंपाकघरातल्या टेबलावर सूर्यफुलाच्या बिया सोलत एकेक ओळ वाचत गेली, पट्टी खाली सरकवत.

ओळीत मण्याचा आकडा असतो, अणूची जागा सांगणारे तीन आकडे असतात, आणि त्यानंतर एक आकडा असतो ज्याच्याकडे कोणीही ढुंकून बघत नाही. हिस्सा. स्फटिकात मार्था अब्जावधी असतात आणि चित्र येतं ते सगळ्यांचं मिळून. एखादा मणी सगळ्यांत सारखाच बसला असेल तर त्याचा हिस्सा एक. पण काहींत हात आत, काहींत बाहेर असेल, तर दोन्ही जागा लिहायच्या आणि हिस्सा वाटून द्यायचा. साठ-चाळीस, सत्तर-तीस, काहीही, पण बेरीज एक यायलाच हवी. अर्धा मणी जगात नसतो.

फाइलमध्ये चार मण्यांना असे दोन-दोन हात होते. बेरीज चोख.

पट्टी अठ्ठ्याऐंशीवर आली आणि थांबली. एकच हात. आतला. हिस्सा, पंचावन्न टक्के.

"आणि बाकीचे पंचेचाळीस कुठे मेले?" लोर्ना रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली.

तिने पानं उलटून शेवटी असलेली पाचर काढली. पाचरीचा हिस्सा पंचेचाळीस टक्के होता. तिने दोन्ही आकडे पेन्सिलीने एकाखाली एक लिहिले, बेरीज केली. बरोबर शंभर. ती उठून खिडकीशी गेली, रस्त्यावर बर्फ ढकलणारा ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली, मग परत बसली. जे दिसत होतं ते दिसू नये असं तिला मनापासून वाटत होतं.

म्हणून तिने उरलेली फाइल शेवटापर्यंत वाचून काढली, आणखी कुठे काही चुकलंय का बघायला. चुकलं होतं. एकशे दहाव्या मण्यालाही एकच हात होता. अठ्ठावन्न टक्के. दुसरा हात गायब.

आता हे काय? एकशे दहावा मणी मार्थाच्या पार दुसऱ्या अंगाला, पाण्यात हात सोडून बसलेला. त्याचा कोणाशी संपर्क नाही, त्याच्यावाचून कोणाचं अडत नाही. अठ्ठ्याऐंशीशी कोणीतरी खेळलं, ते का ते समजत होतं. पण या बिचाऱ्याचा हात कोणी आणि कशाला तोडला?

४

"खुर्ची घ्या, लोर्ना खानुम," गोलनार म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "टॉलिव्हरनी तुम्हाला सांगितलं असेलच, मीच पुसलं म्हणून. काम कच्चं होतं, ते झाकायला."

"सांगितलं. अलिस्टर काय, वारा येईल तिकडे तोंड. तू मला एवढंच सांग. किती मण्यांना दोन हात दिले होतेस?"

"सहा. नक्की सहा."

"फाइलमध्ये चारच आहेत. अठ्ठ्याऐंशी?"

गोलनारने डोळे मिटले. "चित्रांत तिथे धुकं होतं. हो, दोन हात. एक आत, एक बाहेर वळलेला. पाचरीला पंचेचाळीस मीच दिलं होतं, ते... बाहेरच्या हाताशी जुळवून. बहुतेक. संपर्क काढायच्या आधीच घरून फोन आला, बाबा गेले. शपथेवर नाही सांगता येणार, खानुम. चित्रं असती तर एका दिवसात दाखवलं असतं."

"आणि एकशे दहा?"

"त्याला पण दोन होते. त्याचं काय घेऊन बसलात?"

"तेच तर. तू स्वतः एक हात काढला असतास, तर उरलेल्याचा हिस्सा काय केला असतास?"

"पूर्ण एक. अर्थातच. पहिल्या आठवड्यात शिकवतात." ती डोळे उघडून ताठ बसली. "ज्याने काढला त्याने हिस्सा तसाच ठेवला? म्हणजे त्याला सांगाडे बांधता येत नाहीत."

गोलनार त्यातून सुटली. लोर्नाने मनातल्या मनात तिच्या नावावर काट मारली. ब्रोडी? त्याने तर हिस्स्याचा रकाना आयुष्यात बघितलेला नव्हता, त्यामुळे तो अडकत होता. टॉलिव्हरला फाइल उघडायची तर मदतीला दोन माणसं लागायची. पण ब्रोडीने केलं असेल तर तो सरळ अठ्ठ्याऐंशीवर गेला असता. एकशे दहाशी त्याचा काय संबंध?

गुरुवारी संध्याकाळी टॉलिव्हरने तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "उद्या दुपारी बारा, लोर्ना. समिती वाट बघते आहे. आजवर काय सापडलं?"

"एक हात जास्तीचा तुटलेला सापडलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी आधी चुकीच्या मण्याचा हात तोडला, मग चूक लक्षात आली, मग बरोबरचा तोडला. पहिला तसाच राहिला." ती बोलता बोलता थांबली. हातातली बी खाली पडली. "चुकीचा मणी एकशे दहा. हवा होता अठ्ठ्याऐंशी. अलिस्टर, एकशे दहातून अठ्ठ्याऐंशी गेले की किती?"

"बावीस. का?"

जिन्याचा कठडा धरून लोर्ना एकेक पायरी खाली उतरायला लागली. गुडघ्यांपेक्षा जास्त काहीतरी दुखत होतं.

५

थंड खोलीत नोएला स्वेटरवर कोट चढवून उभी होती. हातात तिची कामाची वही होती.

"ती वही बघू?" लोर्ना म्हणाली.

नोएलाने निमूट दिली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मार्थाचे मणी मुठीपासून मोजलेले होते. नळीत जे आहे ते सगळं मोजायचं, हा टेबलावर काम करणाऱ्यांचा रिवाज. वरचे लोक मूठ सोडून मोजतात. वरचा अठ्ठ्याऐंशीवा मणी या वहीत पानोपानी एकशे दहा होता. नोएला बावीस वर्षं असंच मोजत आली होती.

"घाईत जुन्या सवयीने एकशे दहावर गेलीस," लोर्ना हळूच म्हणाली. "तिथलाही एक हात पुसलास. मग कळलं, हा तो नव्हे."

नोएलाने नळ्यांचा ट्रे जागेवर ठेवला, हातमोजे काढले, बोटं एकदा पुसली.

"नोव्हेंबरात," ती म्हणाली. "टॉलिव्हर म्हणाले, गोलनारची फाइल समितीला पाठव. मी नुसती नावं तपासायला उघडली. अठ्ठ्याऐंशीच्या ओळी दोन-दोनदा. एवढं मला कळतं, लोर्ना. गोलनारच्या मागे उभं राहून बघितलंय मी. हात आत पंचावन्न टक्के, बाहेर पंचेचाळीस. पंचावन्न म्हणजे निम्म्याहून जास्त ना? निम्म्याहून जास्त वेळा औषध धरतं! पण हे समितीवाले त्या पंचेचाळीसवर बोट ठेवून वर्षभर लावणार. माझ्याकडे वर्षं आहेत कुठे? म्हणून बाहेरच्या ओळी काढून टाकल्या. मग त्यांनी चित्रं मागितली. चित्रांत ते दिसलं असतं, म्हणून फोल्डर पुसला, डिस्क उचलली."

"आणि गोलनारवर आळ आला."

"आला. मला झोप लागलेली नाही, एवढंच सांगते. माफी मागायला तोंड नाही." मग तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात अजून आशा होती, तीच ऐकवत नव्हती. "पण पंचावन्न टक्के तरी धरतं ना? तुम्ही म्हणालात तर ते डोस वाढवतील. पंचावन्न काही थोडं नाही."

लोर्ना नळ्यांच्या खोक्यावर बसली. असलं काही सांगायचं प्रशिक्षण तिला कोणी दिलेलं नव्हतं.

"नोएला, पाचरीचा हिस्सा किती लिहिलाय?"

"पंचेचाळीस."

"म्हणजे शंभरातल्या पंचेचाळीस मार्थांमध्येच औषध बसलंय. पंचावन्नांत नाही. आणि हात आत किती जणींत?"

"पंचावन्न..." नोएला म्हणाली.

"एकाच खोलीत दोघं राहतात, पण एक दिवसपाळीला, दुसरा रात्रपाळीला. खोलीचा पत्ता एकच, म्हणून ब्रोडीच्या प्रोग्रॅमने लिहिलं, दोघं जवळजवळ असतात. ते कधी भेटलेलेच नाहीत. औषध नसतं तेव्हा हात आत असतो. औषध आलं की तिथे जागाच उरत नाही. म्हणून ते अंतर एवढं कमी दिसतं. औषध हात धरत नाही, नोएला. बाहेर ढकलतं."

नोएलाने तोंडावर हात दाबला. थोड्या वेळाने तिने शेल्फाच्या मागून एक डबा ओढला. नळ्यांच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत, डिस्क होती.

"पुसवली नाही," ती म्हणाली. "ही मार्था माझ्या पोरीच्या, मिरेयच्याच रक्तातून काढलेल्या जीनवर वाढवलेली आहे. तिचं आहे ते. कसं पुसू?" तिने डिस्क लोर्नाच्या हातात कोंबली. "तुम्ही अंदाजाने बोलताय. चित्रं बघा. तुम्ही चुकतही असाल. माणूस चुकतो. बघा ना!"

६

लोर्नाने समितीला दोन दिवस मागून घेतले. शनिवार आणि रविवार ती आणि गोलनार डिस्क उघडून बसल्या. आपण चुकावं, साफ तोंडावर पडावं, असं चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटत होतं. तिने गोलनारला तीन वेगळ्या रीतींनी सांगाडा पुन्हा बांधायला लावला. गोलनारने एका शब्दाने कुरकुर केली नाही. नोएलाचं नाव कळल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मी तर नव्हतेच."

रविवारी दुपारी तिसरा सांगाडा झाला. जिथे पाचर होती, तिथे अठ्ठ्याऐंशीवा मणी आत नव्हता. तीनही वेळा नव्हता. औषधाने त्याला ढकलून पाण्यात सोडलं होतं, आणि त्याच्या शेजारची घडीही सैल झाली होती. हे औषध दिलं असतं, तर मुलं लवकर गेली असती.

"काहीच नाही का, खानुम?" गोलनारने विचारलं. "निदान थोडंसं?"

"काही नाही."

सोमवारी लोर्नाने अहवाल दिला. टॉलिव्हरने तो वाचला, दोनदा वाचला. "एका रकान्यासाठी, लोर्ना? सहा मुलं, सहा घरं. मी त्या लोकांना काय सांगू?"

"खरं सांग. तू हिवाळाभर मिठी-मिठी म्हणून नाचलास, आणि तुझ्या माणसांपैकी एकानेही शेवटचा रकाना वाचला नाही, हेही सांग. आणि गोलनारची माफी माग, लेखी." तिने कोट चढवला. तिला त्याची दया येत होती.

नोएलाला त्याच सकाळी काढलं. ती पार्किंगमध्ये आपल्या गाडीशी उभी होती. हातात खोकं होतं, खोक्यात कप, स्वेटर आणि बावीस वर्षं. गाडी चालू होत नव्हती.

"बस माझ्या गाडीत," लोर्ना म्हणाली.

गाडीने नदीवरचा पूल ओलांडला. मग नोएला म्हणाली, "मला मिरेयला सांगता येणार नाही. तुम्ही या आत. तुम्ही आकड्यांतून सांगा. माझ्या तोंडातून ते यायचं नाही."

घर छोटं होतं आणि फार गरम होतं. मिरेय खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होती, मांडीवर गोधडी, समोर क्रिबेजचा पट आणि पत्ते मांडलेले. दोन्ही बाजूंचे पत्ते ती एकटीच खेळत होती. शेजारीण मावशी कोट घालून निघून गेली. नोएला सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला.

"तुम्हीच त्या आकडेवाल्या?" मिरेयने विचारलं. आवाज बारीक होता, पण डोळे आईचे, धीट. "सोमवारी दुपारी आई घरी आली म्हणजे काहीतरी वाईट झालंय."

"झालंय," लोर्ना म्हणाली. खुर्ची ओढून ती समोर बसली. तिने रस्ताभर जुळवलेली वाक्यं होती, मण्यांची, हातांची. त्यांतलं एकही तिने वापरलं नाही. "ते औषध चालत नाही, मिरेय. मे महिन्यात काही देणार नाहीत."

"जूनमध्ये?"

"नाही. हे औषध कधीच नाही."

"दुसरं?"

लोर्नाला खोटं बोलता आलं असतं. घरात कोणी पुरावा मागणार नव्हतं. "दुसरं माझ्या माहितीत नाही, पोरी."

मिरेयने हातातले पत्ते पालथे ठेवले. त्याला वेळ लागला, कारण बोटं नीट वळत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही. स्वयंपाकघरात नळ वाहतच होता.

"आईने काहीतरी केलं ना? तिला काढलं?"

"हो. आज सकाळी."

"मग उद्या ती कामाला जाणार नाही?"

"नाही."

"शनिवारी पण नाही? दोन वर्षं झाली, शनिवार-रविवारसुद्धा ती तिकडेच असते. माझं औषध शोधायला." मिरेयने थोडा विचार केला. "म्हणजे आता रोज घरी?"

"रोज," लोर्ना म्हणाली.

"मग बरं झालं," मिरेय म्हणाली, आणि मान वळवून तिने आत हाक मारली, "मामाँ, नळ बंद कर. ये ना आता बाहेर."